वाचकांचे प्रश्न : मजकूर एका फाइलीत, मांडणी दुसऱ्या फाइलीत

मागील अंकात गावातील संस्थांच्या संकेतस्थळांविषयी लिहिताना ‘एक्सएमएल आणि एक्सएसएलटी शिकून घेतल्यास एकच यादी अनेक रूपांत दाखवता येते’ असे एक वाक्य आम्ही लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून जी पत्रे आली, त्यांपैकी चार येथे संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : तासगाव तालुक्यातील एका ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. पुस्तके दाखल नोंदवहीत क्रमाने उतरवलेली आहेत. सभासदांना मोबाइलवर विषयवार यादी हवी असते, काहींना लेखकवार हवी असते, आणि वार्षिक तपासणीच्या वेळी दाखल क्रमांकानुसार छापील यादी द्यावी लागते. सध्या या तीन याद्या मी तीन फाइलींत ठेवतो आणि नवे पुस्तक आले की तिन्हींत भर घालतो. कोठेतरी चूक राहतेच. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. मला हे जमेल का, आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर : जमेल. निम्मे काम आपल्या दाखल नोंदवहीने आधीच करून ठेवले आहे, कारण कोणती माहिती कोणत्या रकान्यात जाते हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्याला एक्सएमएलचे मर्म वेगळे शिकवावे लागत नाही. एक्सएमएल ही मजकुराला नावे देण्याची रीत आहे. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या एसजीएमएल या अवजड पद्धतीतून ती सुटसुटीत करून काढली गेली आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने तिची पहिली शिफारस प्रसिद्ध केली. पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की टॅगची, म्हणजे मजकुराभोवतीच्या कोनी कंसांतील खुणांची, नावे देवनागरीत ठेवण्याची मुभा तिने आरंभापासून दिली आहे. खालील तुकडा जसाच्या तसा एका फाइलीत टंकून युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवला, तर तो निर्दोष एक्सएमएल ठरतो. पुस्तक आणि लेखक नमुन्यासाठी कल्पिलेले आहेत.

<ग्रंथालय>
  <पुस्तक दाखल="१२०७" विषय="शेती">
    <शीर्षक>द्राक्षबागेची छाटणी</शीर्षक>
    <लेखक><आडनाव>पाटील</आडनाव></लेखक>
    <लेखक><आडनाव>जाधव</आडनाव></लेखक>
    <किंमत>१२०</किंमत>
  </पुस्तक>
</ग्रंथालय>

येथे दोन लेखकांसाठी दोन स्वतंत्र टॅग आहेत, याकडे लक्ष द्यावे. नोंदवहीत आपण ‘पाटील व जाधव’ असे एकाच रकान्यात लिहितो आणि वाचणारा माणूस ते समजून घेतो. परंतु लेखकवार यादीत हे पुस्तक ‘ज’खालीही यावे आणि ‘प’खालीही यावे, असे वाटत असेल तर दोघांना आधीच वेगळे करून ठेवावे लागते. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक याच टप्प्यावर होते. ते टॅगला ‘ठळक’, ‘मोठाअक्षर’, ‘उजवीकडे’ अशी दिसण्यावरून नावे देतात. लग्नात पाहुण्यांची ओळख करून देताना आपण ‘हे निळ्या सदऱ्याचे’ असे सांगत नाही, ‘हे आमचे धाकटे मामा’ असे सांगतो. सदरा उद्या बदलेल, नाते बदलत नाही. शीर्षक ठळक छापायचे की लाल, हा प्रश्न या फाइलीचा नाहीच, तो दुसऱ्या फाइलीचा आहे.

ती दुसरी फाइल म्हणजे एक्सएसएलटी स्टाइलशीट. सीएसएस ही असलेल्या मजकुराला रंग-रूप देते. एक्सएसएलटी मात्र मजकूर निवडते, गाळते, क्रम लावते आणि त्यातून नवे पानच तयार करते. स्टाइलशीटमध्ये टेम्प्लेट म्हणजे साचे असतात. ‘पुस्तक भेटले की तक्त्यात एक ओळ काढ’, ‘शीर्षक भेटले की ते पहिल्या घरात लिही’ अशा स्वरूपाचे ते नियम असतात. आज्ञा पुष्कळ असल्या तरी आरंभी दोनच पुरतात : ‘व्हॅल्यू-ऑफ’ म्हणजे अमुक ठिकाणचा मजकूर येथे लिहिणे, आणि ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ म्हणजे आतल्या घटकांना आपापले साचे लागू होऊ देणे. अमुक ठिकाण कोणते, हे एक्सपाथ नावाच्या पत्त्याने सांगायचे असते. आपल्या फाइलीत ‘ग्रंथालय/पुस्तक/लेखक/आडनाव’ हा पत्ता सर्व आडनावांचा झाला आणि ‘पुस्तक[@विषय='शेती']’ हा केवळ शेतीवरील पुस्तकांचा.

पहिल्या दिवशी एकही साचा न लिहिता रिकामे स्टाइलशीट चालवून पाहावे, असा माझा आग्रह आहे. पडद्यावर सगळी शीर्षके, आडनावे आणि किमती एकापुढे एक वाहत आलेल्या दिसतील, कारण साचा नसेल तर आत उतरत जा आणि मजकूर आढळला की तो लिही, असे अंगभूत नियम त्या भाषेत आहेत. दाखल क्रमांक आणि विषय तेवढे दिसणार नाहीत. ते अ‍ॅट्रिब्यूट (सुरुवातीच्या टॅगमध्येच लिहिलेली माहिती) आहेत आणि मागितल्याशिवाय येत नाहीत. या प्रवाहातून पुढे एकेक साचा लिहून एकेक गोष्ट ताब्यात घेत जायची. उलट बाजूने, म्हणजे कोठूनतरी आणलेले दोनशे ओळींचे स्टाइलशीट थोडे-थोडे बदलत शिकायला जाल, तर पान दिसेल, पण ते का दिसले हे कळणार नाही. मी स्वतः तसाच शिकलो आणि त्याचे फळ म्हणून कित्येक महिने प्रत्येक साच्यात ‘फॉर-ईच’ (प्रत्येकासाठी हे कर) ही आज्ञा घालत राहिलो, जे बहुतेक ठिकाणी अनावश्यक होते.

आपल्या तीन याद्यांपैकी तपासणीची यादी सर्वांत सोपी आहे, ती आधी करावी. लेखकवार यादीत पुस्तकांवरून न फिरता लेखकांवरून फिरावे आणि प्रत्येक लेखकावरून एक पायरी वर चढून त्याचे पुस्तक गाठावे; एवढा एक उलटा विचार जमला की ती यादीही होते. विषयवार गट पाडणे मात्र एक्सएसएलटीच्या १९९९ च्या पहिल्या आवृत्तीत खरोखरच किचकट आहे. त्यासाठी ओरॅकल कंपनीतील स्टीव्ह म्युंच यांच्या नावाने ओळखली जाणारी एक क्लृप्ती वापरावी लागे. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘फॉर-ईच-ग्रुप’ ही आज्ञा आली आणि ती क्लृप्ती पाठ करण्याची गरज संपली. म्हणून आपण सॅक्सन हे प्रोसेसर, म्हणजे स्टाइलशीट चालवणारे सॉफ्टवेअर, वापरावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीच्या मानकांचे संपादक मायकेल के यांनीच ते लिहिले आहे, त्याची होम एडिशन विनामूल्य आहे आणि जावा असलेल्या कोणत्याही संगणकावर ती चालते.

एक गोष्ट मात्र एक्सएमएलमध्ये ठेवू नये : रोजची देवघेव. कोणते पुस्तक कोणाकडे आहे आणि ते कधी परत येणार, हे दिवसातून वीस वेळा बदलणारे काम डेटाबेसचे आहे. क्वचित बदलणारी, पुन्हापुन्हा वेगवेगळ्या रूपांत मागितली जाणारी यादी हेच एक्सएमएलचे खरे क्षेत्र.

प्रश्न : मी कराडला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. ग्रंथालयातील एका जुन्या इंग्रजी पुस्तकावरून एक्सएमएल आणि स्टाइलशीट या दोन्ही फाइली हुबेहूब टंकल्या, एक्सएमएल फाइलीवर दोनदा क्लिक केले, तर ब्राउझरमध्ये कोरे पान आले. चूक सापडत नाही. शिवाय जावा येत असूनही या भाषेत व्हेरिएबलची किंमत का बदलता येत नाही, हे समजत नाही.

उत्तर : आपल्या टंकनात चूक नसण्याचीही शक्यता आहे. प्रथम पुस्तकातील स्टाइलशीटची सुरुवातीची ओळ पाहावी. तेथे एक्सएसएलच्या नेमस्पेसचा पत्ता असतो. तो ‘१९९९’ या आकड्यानंतर ‘एक्सएसएल’ आणि ‘ट्रान्सफॉर्म’ या शब्दांवर संपत असेल तर ठीक. परंतु तो ‘डब्ल्यूडी-एक्सएसएल’ असा संपत असेल, तर ते पुस्तक इंटरनेट एक्सप्लोरर ५ च्या काळातले आहे. तो ब्राउझर मार्च १९९९ मध्ये आला आणि एक्सएसएलटीची अधिकृत शिफारस १६ नोव्हेंबर १९९९ ला आली. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने मसुद्यावर विसंबून जी बोली रुजवली, ती आजचे ब्राउझर स्टाइलशीट म्हणून ओळखत नाहीत. हा पत्ता उघडून पाहण्यासाठी नसतो, ओळख पटवण्यासाठी असतो, आणि त्यातील एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी ओळख पटत नाही.

पत्ता बरोबर असूनही पान कोरेच राहत असेल, तर कारण दोनदा क्लिक करण्यात आहे. आपल्याच संगणकावरील एका फाइलीने शेजारची दुसरी फाइल वाचावी, याला क्रोम आणि फायरफॉक्स सुरक्षेच्या कारणाने आता परवानगी देत नाहीत. ब्राउझरला एक्सएमएल मिळते, स्टाइलशीट मिळत नाही, आणि पान कोरे राहते. पायथनसोबत येणारा छोटा सर्व्हर त्या फोल्डरवर सुरू करून पान पाहिल्यास अडचण तात्पुरती सुटते.

तथापि, तो मार्ग मी आपल्याला सुचवणार नाही. या ब्राउझरांनी पहिल्या आवृत्तीपुढे कधी मजल मारली नाही, आणि २०२५ मध्ये गुगलने क्रोममधून एक्सएसएलटीचा आधारच काढून टाकण्याचा इरादा जाहीर केला. यावरून ‘एक्सएसएलटी संपली’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला उतावीळपणाचा वाटतो. काढला जात आहे तो वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये रूपांतर करण्याचा मार्ग. आपण आपल्या संगणकावर रूपांतर करून तयार एचटीएमएल पाने सर्व्हरवर चढवली, तर वाचणाऱ्याला केवळ एचटीएमएल मिळते आणि त्याच्या ब्राउझरला एक्सएसएलटी कळते की नाही याचा संबंधच उरत नाही. लिनक्सवर आणि मॅकवर त्यासाठी ‘एक्सएसएलटीप्रॉक’ ही कमांड आहे. तिच्यापुढे आधी स्टाइलशीटचे नाव द्यायचे, मग मजकुराच्या फाइलीचे. हा क्रम उलटा झाल्याने अडलेली मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत. हीच कमांड चुकीची ओळ क्रमांकासह सांगते, तर ब्राउझर बहुधा गप्प राहतो, म्हणून शिकण्याच्या दृष्टीनेही ती बरी.

व्हेरिएबलविषयी : या भाषेत व्हेरिएबल म्हणजे एका मजकुराला ठेवलेले नाव. बारशाला ठेवलेले नाव दर फेरीला बदलत नाही, तसेच हे. साचे कोणत्या क्रमाने चालावेत हे प्रोसेसरवर सोपवलेले असते आणि कोणत्याही क्रमाने चालले तरी उत्तर एकच यावे लागते. किंमत बदलण्याची मुभा दिली असती तर तसे झाले नसते. जावातील लूप घेऊन येथे येऊ नये. साच्याने स्वतःलाच पुन्हा हाक मारण्याचा सराव करावा.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. सौद्यातील लॉट, पेट्या आणि दर एक्सएमएलमध्ये लिहून रोजचा दरफलक संकेतस्थळावर टाकावा म्हणून मुलीच्या मदतीने प्रयत्न केला. फलक दिसतो, पण पेट्यांच्या बेरजेच्या जागी ‘एनएएन’ अशी अक्षरे येतात. दुसरे असे, की काही ओळी मी दुकानातील संगणकावर टंकतो आणि काही मुलगी मोबाइलवर टंकते. तिने सुरू केलेला ‘व्यापाऱ्याचे_नाव’ हा टॅग मी बंद केला की सुरुवातीचा आणि शेवटचा टॅग जुळत नाही असा दोष येतो, आणि डोळ्यांना तर दोन्ही सारखेच दिसतात.

उत्तर : ‘एनएएन’ याचा अर्थ ‘ही संख्या नव्हे’. आपण ‘४०’ असे देवनागरी आकडे लिहिले आहेत, आणि एक्सपाथच्या लेखी इंग्रजी आकडे तेवढे आकडे आहेत. देवनागरी ‘४’ हे त्याला ‘क’सारखेच एक अक्षर. वरील पहिल्या उत्तरात मीही किंमत आणि दाखल क्रमांक देवनागरी आकड्यांत छापले आहेत, पण ते या मासिकाच्या रिवाजाला धरून. ज्यांची बेरीज किंवा क्रमवारी लावायची, ते आकडे फाइलीत इंग्रजीतच ठेवावेत. आधी लिहून झालेल्या फाइलीसाठी ‘ट्रान्सलेट’ हे फंक्शन आहे : पहिल्या जागी मजकूर, दुसऱ्या जागी शून्यापासून नऊपर्यंतचे दहा देवनागरी आकडे आणि तिसऱ्या जागी त्याच क्रमाने दहा इंग्रजी आकडे दिले की ते एकास एक बदल करते. फलकावर पुन्हा देवनागरी आकडे हवे असतील, तर स्टाइलशीटच्या ‘डेसिमल-फॉरमॅट’ या घोषणेत शून्याचा आकडा म्हणून ‘०’ द्यावा आणि ‘फॉरमॅट-नंबर’ला ‘##,##,##,##०’ असा नमुना द्यावा. दुसऱ्या आवृत्तीपासून स्वल्पविराम नमुन्यात असतील त्याच जागी पडतात, त्यामुळे लाख आणि कोटी आपल्या पद्धतीने दिसतात. पहिल्या आवृत्तीत सगळे गट सारख्याच लांबीचे पडत.

पेट्यांच्या बेरजेनंतर आपण पेट्या गुणिले दर अशी रकमांची बेरीज मागाल, हे उघड आहे. पहिल्या आवृत्तीचे ‘सम’ फंक्शन जे लिहिलेले आहे त्याचीच बेरीज करते, गुणाकार करून मग बेरीज करत नाही. दुसऱ्या आवृत्तीत हे एका ओळीत होते, म्हणून आपल्यालाही सॅक्सनचाच सल्ला. आपले हिशेब टॅलीत असतील, तर तेही एक्सएमएल स्वरूपात माहिती बाहेर देते आणि आत घेते, हे ध्यानात असू द्यावे. एकदा हात बसला की लॉट दोन ठिकाणी टंकण्याचे काम वाचू शकेल.

आता न जुळणाऱ्या टॅगविषयी. दोष ‘ऱ्या’ या जोडाक्षरात आहे. युनिकोडमध्ये ते किमान दोन मार्गांनी टंकता येते : एका मार्गात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘य’ येतात, दुसऱ्या मार्गात साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ‘य’ येतात. पडद्यावर दोन्हींची आकृती तीच उमटते, परंतु पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम, आकृती पाहत नाही, अक्षरांचे क्रमांक पाहतो, आणि क्रमांक वेगळे असले की त्याच्या दृष्टीने शब्द वेगळे. संगणकाची आणि मोबाइलची कळफलक-व्यवस्था येथे वेगवेगळ्या मार्गांनी गेली आहे. उपाय असा, की टॅगच्या नावांत ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ टाळावेत. ‘खरेदीदार’ हा शब्द आपल्या यार्डात चालतोच, तोच टॅग करावा. टॅगच्या आतील मजकुरात ‘ऱ्या’ खुशाल असू द्यावा. तेथे तो दोष देत नाही, शोध घेताना मात्र कधीतरी सापडत नाही.

प्रश्न : वाई येथील एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. विद्यार्थ्यांनी घराघरांतून जमवलेल्या बोलीतील शब्दांचा संग्रह आम्ही एक्सएमएलमध्ये केला आणि स्टाइलशीटने अकारविल्हे लावला. ‘कळ’ हा शब्द ‘कल’नंतर लगेच येतो, तो ‘कहर’नंतर यावा अशी आमची अपेक्षा आहे. ‘क्ष’ने सुरू होणारे शब्द तर थेट ‘क’मध्ये जाऊन बसले आहेत.

उत्तर : मराठी विश्वकोशाचे कार्यालय ज्या गावात आहे, तेथून अकारविल्हे क्रमाचा प्रश्न यावा हे शोभून दिसते. प्रोसेसरला भाषा ठाऊक नसते तेव्हा तो युनिकोडमधील अक्षरांचे क्रमांक लावतो, आणि युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. ‘सॉर्ट’ या आज्ञेला मराठी भाषा सांगता येते, परंतु ती सूचना कितपत पाळली जाते हे प्रोसेसर आणि संगणकाच्या व्यवस्थेवर अवलंबून असते, म्हणून मी तिच्यावर विसंबत नाही. त्यापेक्षा क्रम लावतानापुरता ‘ळ’च्या जागी अवग्रह, म्हणजे ‘ऽ’ हे चिन्ह, ‘ट्रान्सलेट’ने ठेवावे. तक्त्यात ते ‘ह’च्या नंतर आणि सर्व मात्रांच्या आधी येते, त्यामुळे ‘कल, कवच, कसर, कहर, कळ, काक’ असा क्रम आपोआप मिळतो, आणि छापला जाणारा शब्द मूळचाच राहतो.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचे तसे नाही. ती ‘क’ आणि ‘ज’ यांच्यापासून झालेली जोडाक्षरे आहेत आणि काही कोश त्यांना तेथेच घेतात. शाळेतील मुळाक्षरांच्या तक्त्यात मात्र ती शेवटी असतात. कोणता रिवाज पाळायचा हे आधी आपण वर्गात ठरवावे. शेवटी हवी असतील, तर अशा मोजक्या शब्दांना ‘गट’ नावाचे अ‍ॅट्रिब्यूट देऊन त्यात इंग्रजी २ हा आकडा आणि इतर सर्वांना १ द्यावा, आधी गटाने आणि मग शब्दाने क्रम लावावा. ‘सॉर्ट’च्या दोन आज्ञा एकाखाली एक लिहिता येतात, आणि गटाची आज्ञा वर असावी लागते.